हेडचं काम झालं, टॅपेट सेट झाले, तरी टकटक जात नाही

मधली लेन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

इंजिन जुन्या बांधणीचं आहे. चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, पुशरॉड, आणि वर एका शाफ्टवर आठ रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे हात). कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवालं. टॅपेट (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधला गॅप) स्क्रू-नटने सेट होतात, हायड्रॉलिक नाहीत. मॅन्युअलप्रमाणे गॅप इंजिन थंड असताना ०.३० मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मध्ये हेड गॅसकेट गेलं होतं. हेड उतरवलं, फेसिंग केलं, सगळे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले, स्टेम सील नवीन टाकले. रॉकर शाफ्ट सुटा करून धुतला. ऑइल आणि फिल्टर नवीन. गाडी छान ओढते, पाणी कमी होत नाही, चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आहे.

पण काम झाल्यापासून वरून टकटक येते. आधी हे इंजिन अगदी शांत होतं, म्हणूनच जास्त खटकतं. थंड असताना येते, गरम झाल्यावरही येते. रेस केली की वेग वाढतो, पण आवाज जड होत नाही. गॅरेजमध्ये टॅपेट परत सेट केले, मी स्वतःही फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पात्या) लावून पाहिलं, आठही ०.३० वर आहेत. "जुनं इंजिन आहे, चालायचंच" असं सांगून त्यांनी विषय संपवला. मला ते पटत नाही. काम करण्याआधी जो आवाज नव्हता, तो नंतर आला तर त्याला काहीतरी कारण असणारच.

---

१३चा पाना

हेड उतरवलं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डही सुटा झालाच असणार. आधी तिथे बघा. मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून बारीक गळती असली की हुबेहूब टॅपेटसारखी टकटक येते, ऐकणारा हमखास फसतो. फरक एवढाच की ती थंड इंजिनात जास्त येते, लोखंड तापून फुगलं की बहुतेकदा कमी होते, आणि चढावर गाडी ओढताना वाढते.

तपासायची पद्धत: इंजिन बंद आणि थंड. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला लावून कापडाने घट्ट बांधा. मग मॅनिफोल्डच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. जोडाजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला तर एवढंही करायची गरज नाही.

प्लगही घट्ट आहेत ना ते बघून घ्या. सैल प्लगमधून कॉम्प्रेशन निसटतं, त्याचाही आवाज असाच येतो.

---

निळा धूर

माझ्या गाडीत हेडच्या कामानंतर असंच झालं होतं. इंजिन गरम करून २००० ते २५०० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं, आवाज गेला. टॅपेटमध्ये हवा अडकते.

---

काळं तेल

निळा धूर, तुमची गाडी हायड्रॉलिक टॅपेटची. त्यात प्लंजरखाली ऑइल कोंडलेलं असतं, तेच गॅप भरून काढतं. ऑइलमध्ये हवा शिरली की ती दबते आणि टॅपेट मऊ पडतो. म्हणून हवा निघेपर्यंत वाजतो. ह्यांच्या इंजिनात तसं काहीच नाही, स्क्रू आणि नट एवढंच. रेस करून काही साधणार नाही.

हायड्रॉलिकवाल्या कोणी हा धागा वाचला तर एक सांगून ठेवतो. हवा काढूनही आवाज राहिला, आणि आरपीएम वाढवल्यावर तो वाढत गेला, तर ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर क्रँक ऑइलला घुसळतो आणि फेस होतो. डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलून काम झालेलं आहे, तर ऑइल ओढणाऱ्या पिकअप पाइपची ओ-रिंग बसवताना चिमटली असेल. ऑइलचा दिवा विझलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारलाच विझतो. एवढ्या दाबावर टॅपेट भरत नाहीत.

आता मधली लेन. तुम्ही माहिती नीट दिलीत, त्यामुळे बरंच सोपं झालं. पण काहीही खोलण्याआधी तीन गोष्टी ठरवा: आवाज कॅमच्या तालावर आहे की क्रँकच्या, सिलेंडर बंद केल्यावर बदलतो का, आणि नेमका कुठल्या सिलेंडरवर आहे.

ताल असा ओळखा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. आयडलिंग ८०० असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टकटक. कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टनचा ठोका क्रँकबरोबर चालतो, तो ह्याच्या दुप्पट. कानाने एवढं मोजता येत नाही, म्हणून टायमिंग लाइट घ्या आणि एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. डिस्ट्रिब्युटर असल्याने तो प्लग दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. एका लुकलुकीला एक टक येत असेल तर आवाज व्हॉल्व्हच्या बाजूचा. एकीला दोन येत असतील तर खालचा. (एकच कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देते अशा गाड्यांत दिवा प्रत्येक फेऱ्याला लागतो, तिथे हा हिशोब उलटतो.)

मग एकेक सिलेंडर बंद करा. प्लगची वायर काढून मोकळी लटकत ठेवू नका, बॉडीला अर्थ करा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. रॉडचा किंवा पिस्टनचा ठोका असेल तर तो सिलेंडर बंद केल्यावर मंदावतो, कारण पिस्टनवरचा जोर जातो. मॅनिफोल्डची गळतीही अशीच मंदावते. टॅपेटला सिलेंडर पेटतोय की नाही ह्याच्याशी देणंघेणं नसतं, तो तसाच वाजत राहतो.

शेवटी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांवर एकेक ठेवा. फॅन आणि बेल्टपासून लांब, सैल बाह्या वर करून.

---

दुपारची फेरी

एवढं कशाला? २०डब्ल्यू-५० ऑइल टाका, सोबत एखादं अ‍ॅडिटिव्ह. जुन्या इंजिनांना तेच लागतं. माझ्याकडच्या दोन्ही गाड्या गप्प झाल्या.

---

काळं तेल

ह्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मॅन्युअलमध्ये तेच ग्रेड दिलं असेल तर जरूर टाका. पण आवाज दाबायला म्हणून नको. लोखंडाचा लोखंडापासूनचा गॅप ऑइल जाड केल्याने कमी होत नाही. आवाज थोडा बोथट होतो, आणि जे झिजतंय ते झिजत राहतं, फक्त आता ऐकू येत नाही. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच वेळी.

---

लेथवाली

मी मशीन शॉपमध्ये हेडचीच कामं करते. रॉकर शाफ्ट सुटा करून धुतला असं तुम्ही लिहिलंय, तिथे थांबले. त्या शाफ्टला ऑइलची भोकं असतात आणि ती ठरलेल्या दिशेलाच यायला लागतात. साधारणपणे रॉकरवर जिकडून जोर येतो तिकडे, म्हणजे खालच्या अंगाला. शाफ्ट उलटा बसला तरी तो बसतो, बोल्टही लागतात, सगळं जागेवर दिसतं. फक्त रॉकरच्या बुशला (शाफ्टवर बसणाऱ्या भोकातल्या अस्तराला) ऑइल मिळत नाही. काही शाफ्टना एका टोकाला बूच असतं, टोकांची अदलाबदल झाली तर ऑइल भलतीकडूनच वाहून जातं.

हेड गॅसकेटमध्ये ऑइल वर नेणारं एक भोक असतं, तेही बघण्यासारखं आहे. गॅसकेट उलटं बसलं किंवा सिलिकॉन जास्त लावून त्याचा तुकडा आत गेला, तर वर ऑइल येतं पण थेंबथेंब. कव्हर काढून इंजिन आयडलला चालू करा आणि नुसतं बघा. आठही रॉकरमधून ऑइल पाझरताना दिसलं पाहिजे.

---

मधली लेन

सगळ्यांचे आभार. एकेक करून सांगतो.

साबणाच्या पाण्याची तपासणी केली, एकही बुडबुडा नाही. प्लग घट्ट आहेत. टायमिंग लाइटच्या एका लुकलुकीला एकच टक, अगदी तालात. सिलेंडर एकेक बंद केले, इंजिन थरथरलं पण टकटक होती तशीच. स्क्रूड्रायव्हरने ऐकलं तर तिसऱ्या सिलेंडरच्या वर सगळ्यात मोठी.

लेथवाली ताई, कव्हर काढून पाहिलं. ऑइल सगळीकडे येतंय, कुठलाही रॉकर कोरडा नाही. शाफ्टची भोकं खालच्याच बाजूला आहेत.

म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट. पण गॅप तर बरोबर आहे. मग वाजतं काय?

---

१३चा पाना

गॅप घेताना पिस्टन कुठे होता? तिसरा सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) नसेल तर आकडा खोटा येतो. तुमच्या इंजिनाला नऊची बेरीज चालेल. व्हॉल्व्हना पुढून मागे १ ते ८ नंबर द्या. जो पूर्ण उघडा असेल तो नऊमधून वजा करा, जो नंबर येईल तो सेट करा. १ उघडा तर ८ घ्या, ३ उघडा तर ६. तुमच्या तिसऱ्या सिलेंडरचे दोन व्हॉल्व्ह ५ आणि ६ असणार, म्हणजे ४ उघडा असताना ५ घ्यायचा आणि ३ उघडा असताना ६.

आणि नट आवळताना स्क्रू जागचा हलू देऊ नका. कित्येकदा गॅप घेतला जातो बरोबर, पण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो. नट आवळून झाल्यावर फिलर परत घालून बघायचा.

---

काळं तेल

नऊची बेरीज बरोबर आहे, तसं एकदा करून घ्या. आकडा तरीही ०.३० च आला तर इंजिन आयडलला चालू असताना, कव्हर काढलेलं ठेवून, तिसऱ्या सिलेंडरच्या दोन्ही रॉकरखाली फिलरची पाती आळीपाळीने सरकवा. जुनी पाती घ्या, तिचं टोक खराब होणार. ऑइल उडेल, डोळ्यांवर चष्मा हवा. ज्या रॉकरखाली पाती गेल्यावर टकटक थांबेल तो आपला.

मग इंजिन बंद करून तो रॉकर शाफ्टवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटणारं त्याचं टोक उजेडात तिरकं धरा. त्यावर नख फिरवा. काय लागतं ते इथे लिहा, त्याआधी पार्ट मागवू नका.

---

मधली लेन

काका, सापडलं.

पाचवा, म्हणजे तिसऱ्याचा एक्झॉस्ट. पाती आत गेल्याबरोबर आवाज बंद, बाहेर काढली की सुरू. रॉकर काढला. त्याच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याच्या रुंदीएवढा गोल खळगा पडलाय. दोन्ही बाजूंना मूळचा भाग शाबूत, त्यामुळे खळग्याला कडा आहेत. आतला भाग चकचकीत, कडेचा काळपट. नख कडेवर अडकतं. कव्हर काढून वरून पाहिलं तेव्हा ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

डायल गेज होता, म्हणून तेही करून पाहिलं. रॉकर परत बसवला, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना गेजची दांडी रॉकरच्या टोकावर व्हॉल्व्हच्या रेषेत उभी लावली आणि टोक हाताने वर-खाली केलं. फिलरने ०.३० येतं, डायलवर ०.४२.

---

काळं तेल

फिलरची पाती व्हॉल्व्हच्या दांड्यापेक्षा रुंद असते. ती खळग्याच्या दोन कडांना टेकते, आत उतरत नाही. पाती मोजते ती कडेपासून दांड्यापर्यंतचं अंतर. इंजिन चालू असताना मात्र दांडा खळग्याच्या तळाला जाऊन लागतो. मधले ०.१२ कोणी मोजलेच नाहीत. गॅरेजवाल्याने पाती लावली, तुम्ही लावली, दोघांनाही तोच आकडा येणार होता.

०.१२ ऐकायला काहीच वाटत नाही. पण कॅमवर मुख्य चढ सुरू होण्याआधी एक अगदी मंद चढ ठेवलेला असतो. गॅप भरून निघण्याचं काम त्या मंद चढावर व्हावं, म्हणजे रॉकर दांड्याला हळूच टेकेल, अशी ती रचना. गॅप ठरल्यापेक्षा वाढला की मंद चढ संपतो तरी रॉकर टेकलेला नसतो, आणि मग तो मुख्य चढाच्या वेगाने दांड्यावर आदळतो. बंद होतानाही तेच, व्हॉल्व्ह सीटवर हळू बसायचा तो पडतो. तुम्ही ऐकताय ती टकटक हीच.

आता तुमचा मूळ प्रश्न, आधी शांत असलेलं इंजिन कामानंतर का वाजायला लागलं. खळगा काही आठवड्याभरात पडत नाही, तो आधीपासूनच होता. माझा अंदाज असा की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटमध्ये थोडाथोडा रुतत गेला. व्हॉल्व्ह रुतला की त्याचा दांडा वर सरकतो आणि गॅप कमी होतो. एका बाजूने खळगा गॅप वाढवत होता, दुसऱ्या बाजूने रुतणं तो कमी करत होतं, म्हणून आवाज नव्हता. हेडच्या कामानंतर सगळे गॅप पातीने नव्याने ०.३० केले आणि खळग्याचे ०.१२ उघडे पडले. कामात चूक झाली असं मी म्हणणार नाही. पण रॉकर धुऊन हातात आलेले असताना टोकं बघायला हवी होती.

---

निळा धूर

म्हणजे आधी शांत होतं ते चांगलं नव्हतं?

---

काळं तेल

त्या व्हॉल्व्हपुरतं तरी नव्हतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये जाते. गॅप कमी होत होत संपला तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कड जळते आणि कॉम्प्रेशन जातं. हे होताना आवाज काहीच येत नाही. म्हणून सैल टॅपेटपेक्षा घट्ट टॅपेटची मला जास्त काळजी वाटते.

---

दुपारची फेरी

मग सरळ ०.१८ ची पाती लावून सेट करा. ०.१८ अधिक ०.१२ म्हणजे ०.३०. रॉकर बदलायचा खर्च कशाला?

---

लेथवाली

पार्ट येईपर्यंत चालवायला हा उपाय ठीक आहे, आकडाही बरोबर आहे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे जुन्या गेजमधली ०.३० ची पाती घासून दांड्यापेक्षा अरुंद करून घ्या. ती खळग्यात उतरते आणि खरा गॅप थेट मिळतो.

पण कायमचं असं ठेवू नका. उघडताना रॉकरचं टोक दांड्यावर थोडं सरकत जातं, त्यासाठीच त्याला गोलाई दिलेली असते. खळगा पडला की सरकणं अडतं आणि रॉकर दांड्याला बाजूला ढकलतो. तो भार गाइडवर, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यावर, येतो. काही काळाने गाइड लांबट झिजतं, नवीन टाकलेला सील गळायला लागतो आणि निळा धूर दिसतो. तेव्हा परत हेड उतरवावं लागेल.

रॉकर घासून घेता येतो, आम्ही करतो. मात्र टोकावरचा कडक थर पातळ असतो. खळगा ०.१२ चा असेल तर घासणं त्या थरात भागेल की नाही हे रॉकर बघितल्याशिवाय सांगता येत नाही. थर संपला तर आतलं मऊ लोखंड पटकन खड्डा धरेल. आणि हँड ग्राइंडरवर अंदाजाने अजिबात घासू नका. गोलाई गेली की रॉकर फेकायच्या लायकीचा. नवीन मिळत असेल तर नवीनच घ्या.

एकच बदलून थांबू नका. आठही टोकं बघा, आणि शाफ्टही. शाफ्टचा खालचा अंग जिथे रॉकर बसतो तिथे हात फिरवला की पायरी लागते का ते कळतं. पायरी असलेल्या शाफ्टवर नवीन बुशचा रॉकर टाकला तर बुश लवकर जाईल.

---

१३चा पाना

पातीशिवाय गॅप घ्यायची एक रीत आहे, खळग्याचा प्रश्नच येत नाही. स्क्रू गॅप शून्य होईपर्यंत आत घ्यायचा आणि मोजून उलटा फिरवायचा. स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर १ मिमी असेल तर एका फेऱ्याला १ मिमी, म्हणजे ०.३० साठी साधारण १०८ अंश.

---

काळं तेल

रीत चांगली, पण ह्या इंजिनात स्क्रू पुशरॉडच्या बाजूला आहे. रॉकरचे दोन हात सारख्या लांबीचे नसतात, व्हॉल्व्हकडचा लांब असतो. समजा गुणोत्तर १.२५ आहे, तर स्क्रू ०.२४ हलला की व्हॉल्व्हकडे ०.३० गॅप येतो. म्हणजे १०८ नाही, ८६ अंश, जवळजवळ पाव फेरा. आपल्या इंजिनाचं गुणोत्तर आणि आटे माहीत असल्याशिवाय हे करू नये.

---

मधली लेन

काम झालं, म्हणून लिहितोय.

आठही रॉकर काढून पाहिले. पाचव्यासारखाच पण उथळ खळगा चौथ्यावर आणि आठव्यावर होता, म्हणजे एक्झॉस्टचेच. इनलेटचे जवळपास सपाट निघाले. शाफ्टला दोन ठिकाणी पायरी लागत होती, त्यामुळे शाफ्ट आणि आठही रॉकर नवीन घेतले. पुशरॉड सपाट काचेवर लोळवून पाहिले, सगळे सरळ. प्रत्येक पुशरॉड ज्या भोकातून निघाला त्यातच परत घातला.

गॅप पातीने घेतला, मग आठही व्हॉल्व्ह डायलवर तपासले. आता दोन्ही आकडे जुळतात. सुरू केल्यावर शिवणयंत्रासारखी एकसारखी बारीक टिकटिक येते, कुठलाही एक व्हॉल्व्ह वेगळा ऐकू येत नाही. गरम झाल्यावरही तसंच.

काका, लेथवाली ताई, पाना, तुम्ही नसता तर मी हेड परत उतरवलं असतं. आता ह्यात पुढे काही लक्ष ठेवायचं आहे का?

---

काळं तेल

झकास. एवढी टिकटिक ह्या इंजिनाला हवीच, ती घालवायच्या मागे लागू नका.

हेड गॅसकेट नवीन आहे. मॅन्युअलमध्ये काही अंतरानंतर हेडचे बोल्ट परत आवळायला सांगितलं असेल तर ते ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने करा. काही गॅसकेटना ते लागत नाही, उगाच आवळू नका. पण आवळलेत तर त्यानंतर गॅप नक्की घ्या. हेड किंचित खाली दबतं, त्याच्याबरोबर रॉकर शाफ्टही खाली येतो, पुशरॉडची लांबी तेवढीच राहते, आणि आठही गॅप कमी होतात. आवाजावरून ते कळणार नाही, डायलच लावा.

---

निळा धूर

काका, ह्याच धाग्यात विचारतो. माझ्या हायड्रॉलिकवाल्या इंजिनात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होते, मग दिवसभर काही नाही.

---

काळं तेल

ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारा एक रबरी पडदा असतो. तो कडक झाला किंवा फिल्टर साधाच असला की रात्रीतून वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. आधी कंपनीने सांगितलेला फिल्टर टाकून बघा. तरी राहिलं तर खडखड वरून येते की पुढच्या टायमिंग कव्हरमधून, ते ऐका. पुढून असेल तर चेनचा टेन्शनर, आणि त्यात चालढकल करायची नाही. नवीन धागा काढा, इंजिनाची माहिती मधली लेन यांनी दिली तशी द्या, तिथे बोलू.